बेळगावातच बीकॉम करायचं तर

बीकॉमच्या पहिल्या इंटर्नलला अकौंट्समध्ये मला पंचवीसपैकी सात पडले होते. आज रविवार पेठेतल्या चार दुकानांचे आणि उद्यमबागेतल्या एका लहान फाउंड्रीचे हिशेब मी लिहिते. मधल्या काळात काय झालं, ते दर मे-जूनमध्ये कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. यंदा भावाची पोरगी पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, झाली. ती म्हणाली, "आत्या, एकदाच लिहून ठेव की गं, मैत्रिणींनाही तेच पाठवते."

मी बेळगावच्या पश्चिमेची, रताळ्याच्या पट्ट्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला एकदम इंग्लिश, आणि ऑफिसात जाईल तिथं कन्नड. तुमचंही असंच असेल तर हे तुमच्यासाठी. लहानपणापासून कॅम्पातल्या इंग्लिश शाळेत शिकलेल्यांनी मधला भाग सोडून थेट दुकानाच्या भागावर जावं. त्यांची अडचण तिथं आहे.

कॉलेज बस बघून निवडा

पोरं इमारत बघतात, पोरी मैत्रीण कुठं जाते ते बघतात, आईवडील फी बघतात. मी म्हणते, गावातून सकाळी पहिली गाडी किती वाजता निघते आणि दुपारी परत कधी मिळते ते आधी लिहून काढा. डिग्रीचे वर्ग बहुतेक ठिकाणी सकाळी लवकर सुरू होतात. वस्तीची बस चुकली की वडाप, म्हणजे भरली की सुटणारी खाजगी जीप, आणि वडाप भरेपर्यंत पहिला तास गेलेला असतो. हजेरी कमी पडली की हॉल तिकिटाच्या वेळी हातापाया पडावं लागतं. माझ्या वर्गातल्या दोन हुशार मुली अकौंट्समुळं नाही, हजेरीमुळं मागं राहिल्या.

आता मुलींना बस फुकट आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुली सरकारी साध्या गाडीनं पैसे न देता जातात, फक्त पत्ता दिसणारं ओळखपत्र जवळ हवं. मुलांना मात्र पास काढावा लागतो. त्याचा अर्ज सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून भरायचा. कॉलेजचा दाखला लागतो, त्यामुळं अॅडमिशनच्याच दिवशी मागून घ्या. राज्याच्या हद्दीपलीकडं फुकट प्रवास चालतो का, आणि कुठपर्यंत, ते निपाणीकडच्या मुलींनी आधी विचारून घ्यावं, कारण तिथं हद्द कॉलेजच्या वाटेतच येते.

निपाणीची गंमत सांगते. गाव कर्नाटकात. त्याला लागून अर्जुननगरला देवचंद कॉलेज, ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. निपाणीतलंच बागेवाडी कॉलेज मात्र राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. चालत जाण्याइतक्या अंतरावर विद्यापीठ बदलतं, अभ्यासक्रम बदलतो, शिष्यवृत्तीची वेबसाइटसुद्धा बदलते. कर्नाटकातून पीयूसी करून पलीकडं जाणाऱ्याला मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीचे कागद लागतात. चंदगडकडून बारावी करून इकडं येणाऱ्यालाही तेच. जा, पण जूनमध्ये ठरवून जा, ऑगस्टमध्ये नको.

बेळगाव शहरात पर्याय भरपूर: गोगटे कॉमर्स, आरपीडी, लिंगराज, भाऊराव काकतकर. खानापूरला मराठा मंडळाचं कॉलेज आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी प्रथम दर्जा कॉलेजांना लोक उगाच नाक मुरडतात. तिथं फी कमी असते, वर्गात बहुतेक आपल्यासारखीच पोरं असतात, आणि नेमणूक होऊन आलेले लेक्चरर काही ठिकाणी फार चांगले असतात. मागच्या वर्षी कायमचे किती होते आणि गेस्ट किती, एवढं एखाद्या सीनिअरला विचारा. गेस्ट लेक्चररही चांगले शिकवतात, पण त्यांच्या नेमणुकीला उशीर झाला की सेमिस्टरचा पहिला महिना तसाच जातो.

बीकॉम का बीबीए, हाही प्रश्न येतो. हिशेब, टॅक्स, सीए, बँक असं डोक्यात असेल तर बीकॉम. पुढं एमबीए करायचंच असेल आणि बोलायला आवडत असेल तर बीबीए. बीबीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आलंय, म्हणून त्या कॉलेजला मान्यता आहे का ते विचारून घ्या. तीन वर्षं का चार, हा गोंधळ आता मिटला आहे. २०२१ ला नव्या धोरणात चार वर्षं आली होती, २०२४-२५ पासून कर्नाटकात परत तीन वर्षांची डिग्री आहे. शेजारचा दादा चार वर्षांचं काही सांगत असेल तर तो त्याच्या बॅचचं सांगतोय.

मराठी हा भाषेचा विषय काही कॉलेजांत घेता येतो. जिथं मिळतो तिथं घ्या. एक पेपर तरी झोप काढून लिहिता येतो, आणि टक्केवारीलाही तेवढाच हात लागतो.

कागद

सगळं यूयूसीएमएसवर भरायचं असतं: अॅडमिशन, परीक्षेचा अर्ज, निकाल, सगळं एकाच पोर्टलवर. मोबाईल नंबर स्वतःचा द्या. सायबरवाल्याचा नंबर देऊन पोरं मोकळी होतात आणि दुसऱ्या सेमिस्टरला ओटीपीसाठी त्याच्या दारात उभी राहतात.

शिष्यवृत्तीसाठी एसएसपी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. तिथं जात-उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो. दाखला होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) नाडकचेरीतून मिळतो आणि कन्नडमध्ये असतो. हातात पडला की तिथंच उभं राहून कुणाकडून तरी वाचून घ्या, घरी जाऊन नाही. मराठा समाज कर्नाटकात ३ बी वर्गात येतो. कोल्हापूरचे पाहुणे सांगतात ते वर्ग इथल्या फॉर्मवर चालत नाहीत.

आता नावाची कथा. माझ्या थोरल्या भाच्याचं नाव दहावीच्या मार्क्स कार्डावर एका क्रमानं, आधारवर आडनाव आधी, आणि बँकेत आडनावात इंग्लिशचं एक अक्षर जास्त. त्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि पैसे मात्र आले नाहीत. एका ऑफिसनं बँकेत पाठवलं, बँकेनं आधार सेंटरला, आधार सेंटरनं परत त्याच ऑफिसात. शेवटी आधार दहावीच्या कार्डाप्रमाणं बदलून घेतलं आणि बँकेत खातं आधारशी एनपीसीआयमध्ये, म्हणजे बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडं, जोडलंय का ते पक्कं केलं. नुसतं 'आधार लिंक आहे' एवढं बँकेनं सांगून भागत नाही, सरकारी पैसे त्या एनपीसीआयच्या जोडणीनंच येतात. तेव्हा पीयूसीचा निकाल लागायची वाट न बघता मार्चमध्येच तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

नावे आणि जमा

आता माझ्या सात मार्कांकडं येते. खरं सांगायचं तर बाकीचं सगळं मी या भागासाठी लिहिलं.

वर्गात सर फळ्यावर लिहायचे: डेबिट व्हॉट कम्स इन, क्रेडिट व्हॉट गोज आउट. मी पाठ केलं. पण घरी बँकेचं पासबुक होतं, त्यात पैसे भरले की क्रेडिट छापून यायचं. पैसे आले तर डेबिट म्हणतात सर, आणि बँक म्हणते क्रेडिट. मी बँकेवर विश्वास ठेवला आणि पेपरमध्ये सगळं उलटं मांडलं.

दिवाळीच्या सुट्टीत आप्पांनी मला गावातल्या वाण्याकडं पाठवलं. "शंभर जमा करून घ्या म्हणावं, आणि दोन किलो साखर नावावर मांडा." वाण्यानं लाल वही उघडली, आमच्या पानावर एकीकडं शंभर जमा केले, दुसरीकडं साखर नावे टाकली. मी तिथंच उभी राहिले. नावावर मांडणं म्हणजे डेबिट. जमा करून घेणं म्हणजे क्रेडिट. ज्यानं घेतलं त्याच्या नावे, ज्यानं दिलं त्याचं जमा. हे मला सात वर्षांची असल्यापासून येत होतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं की सर इंग्लिशमध्ये हेच म्हणतायत.

मग पासबुकाचंही कळलं. पासबुक बँकेच्या वहीची नक्कल असते. बँकेच्या वहीत तुम्ही देणारे, म्हणून तुमचं जमा. तुमच्या वहीत बँक घेणारी, म्हणून बँकेच्या नावे. वाण्याच्या वहीत आप्पांचे शंभर जमा असतात, तेच आप्पांनी वही ठेवली असती तर वाण्याच्या नावे पडले असते. वही कुणाची आहे, एवढं आधी विचारायचं.

आता तुम्ही करून बघा. घरात मार्केट यार्डातली एखादी पट्टी, म्हणजे अडत्यानं दिलेला विक्रीचा हिशेब, सापडेल. नसेल तर ही घ्या, आमच्याच घरातल्यासारखी, आकडे सोपे केलेत. नवरात्रीच्या आधी आप्पांनी बारा पोती रताळी पाठवली, सहा क्विंटल भरली, दर १,४०० रुपये. विक्री ८,४००. त्यातून हमाली-तोलाई १८०, गाडीभाडं ९००, लावणीच्या वेळी अडत्याकडून घेतलेली उचल २,००० वजा. हातात ५,३२०.

आप्पा घरी येऊन म्हणायचे, "यंदा पाच हजारच सुटले." इथंच थांबा. पाच हजार सुटले हे खरं नाही. उत्पन्न ८,४०० झालं. पट्टीतला खर्च १,०८०. दोन हजार हा खर्चच नाही, ते देणं होतं, ते फिटलं. आप्पांची वही आपण लिहू:

रोख नावे ५,३२०
हमाली-तोलाई नावे १८०
गाडीभाडं नावे ९००
अडत्याच्या नावे २,०००
विक्री जमा ८,४००

वरच्या चारांची बेरीज ८,४००, खाली ८,४००. रोख आली म्हणून नावे. खर्च झाला म्हणून नावे. अडत्याला आपण दोन हजार परत दिले, त्यानं घेतले, म्हणून त्याच्या नावे. जूनमध्ये उचल घेतली तेव्हा त्यानं दिले होते, तेव्हा त्याचे जमा होते, आता त्याचं खातं सरळ झालं. पहिल्या सेमिस्टरचा निम्मा पेपर या एका पट्टीत आहे. बियाणं, खत, मजुरी याच वहीत मांडत गेलात तर वर्षअखेरीला नफा-तोटा पत्रकही निघतं. त्या आकड्यावर घरात भांडण होण्याची शक्यता आहे, आमच्याकडं झालं होतं.

एक खड्डा सांगून ठेवते. महाराष्ट्र बोर्डाचं अकरावीचं पुस्तपालनाचं मराठी पुस्तक बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. ते मोबाईलवर उतरवून घ्याच. इंग्लिश पुस्तकातला धडा वाचण्याआधी त्यातला तोच धडा वाचला की डोकं मोकळं राहतं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा, सगळे शब्द आपले. पण त्या पुस्तकात 'उचल' म्हणजे मालकानं स्वतःच्या धंद्यातून घरखर्चाला काढलेले पैसे, ज्याला आपले सर ड्रॉइंग्ज म्हणतात. आपल्या यार्डातली उचल म्हणजे अडत्याचं कर्ज. शब्द एक, खाती दोन. माझी एक विद्यार्थिनी इथं चुकली आणि तिचा ताळेबंद दोन तास जुळला नाही.

थिअरीच्या पेपरांना वेगळी युक्ती लागते. कंपनी कायदा, मॅनेजमेंट, इकॉनॉमिक्स, यात गाईड पाठ करू नका. प्रश्न वाचा, चार ओळींत मराठीत उत्तर लिहा, जसं आईला सांगाल तसं. मग त्या चार ओळी साध्या इंग्लिशमध्ये करा, वाक्य लहान ठेवा. तपासणाऱ्याला दिवसाला गठ्ठाभर पेपर असतात, त्यांना लहान वाक्य आवडतं. पहिल्या सेमिस्टरला याला वेळ लागतो. तिसऱ्यापर्यंत मराठीचा टप्पा मनातच होतो.

कन्नड

यावर घराघरांत मतं आहेत आणि मला ती ठाऊक आहेत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमची पहिली सेमिस्टर तीन-चार महिन्यांत संपते. वाचायला शिका.

बोलणं आपोआप येतं, पोरं बसमध्येच शिकतात. वाचणं मुद्दाम शिकावं लागतं. मी बसच्या पाट्यांवर शिकले: एका बाजूला इंग्लिश, एका बाजूला कन्नड, अक्षरं ताडत बसायची. धंद्याचं कन्नड तर अर्धं आपलंच आहे. जमा तेच, बाकी तेच, उधारीला उद्री म्हणतात, पावतीला रसीदी. नवे शब्द थोडे: लेक्क म्हणजे हिशेब, आदाय म्हणजे उत्पन्न, वेच्च म्हणजे खर्च, बड्डी म्हणजे व्याज. आणि साल म्हणजे कर्ज. पहिल्यांदा एका शेतकऱ्यानं मला "साल भाळ आगेद" म्हटलं तेव्हा मला वाटलं, बरीच वर्षं झाली म्हणतोय. तो म्हणत होता, कर्ज फार झालंय. मी हसून मान हलवली. ते त्याला कसं वाटलं असेल देव जाणे.

दुपारी दुकानात बसा

कॉलेज दुपारी सुटतं. बेळगावचा सगळ्यात मोठा फायदा इथं आहे, आणि पुण्याला जाणाऱ्या पोरांना तो मिळत नाही: अर्ध्या तासात तुम्ही रविवार पेठेत पोचता. किराणा, मिरची, गूळ, कापड, सगळा घाऊक व्यवहार. शहापूर-वडगावला साड्या आणि माग. उद्यमबागेत आणि मच्छेला फाउंड्री, मशीन शॉप. निपाणीला असाल तर तंबाखू, संकेश्वरला मिरची. यातल्या कुठल्या तरी एका ठिकाणी तीन तास बसायला मिळवा.

मला दुसऱ्या वर्षी एका घाऊक दुकानात काम मिळालं ते ओळखीनं. कामाला लागताना पगाराचं बोलले नाही, ही चूक. पहिले तीन महिने नुसता चहा. नंतर महिन्याला पंधराशे. तुम्ही पहिल्या दिवशीच विचारा, थोडे का असेनात, आणि बसच्या वेळेला सोडायचं हेही ठरवून घ्या. मुलींनी तर हे पक्कंच करावं. मालक ओळखीचे, कुटुंब बसतं त्या दुकानात, दिवस असताना सुट्टी.

पहिल्या महिन्यात वही कुणी हातात देत नाही. आलेली बिलं तारखेप्रमाणं लावा, दोरा ओवा, वसुलीला कोण कधी आलं ते बघा. बिलावर सगळ्यात आधी जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे वाचायची सवय लावा. २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. आपल्या भागात हे दोन आकडे फार महाग पडतात. कसे ते बघा.

दुकानानं ४०,००० रुपयांचं कापड धारवाडच्या व्यापाऱ्याला पाठवलं. पाच टक्के कर, २,०००. धारवाड पंचाहत्तर किलोमीटर लांब, पण एकाच राज्यात, म्हणून बिलात १,००० सीजीएसटी (केंद्राचा) आणि १,००० एसजीएसटी (राज्याचा). तेच कापड शिनोळीच्या व्यापाऱ्याला पाठवलं. शिनोळी वीस किलोमीटरच्या आत, आपली बहीण तिथं दिलेली असते, पण ते चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. तिथं २,००० चा अख्खा आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा. रक्कम तीच, रकाना वेगळा. रकाना चुकला तर चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मागायचा आणि बरोबर खात्यात नव्यानं भरायचा.

दुसरा सापळा ई-वे बिलाचा, म्हणजे माल नेताना सोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा. हद्द ओलांडून पन्नास हजारांवर माल गेला की ते लागतं. नवीन पोरगा बघतो, माल ४८,००० चा, म्हणजे नको. पण किंमत करासकट धरतात. ४८,००० वर पाच टक्के २,४००, झाले ५०,४००. टेम्पो हद्दीवर अडला की ड्रायव्हरचा फोन येतो, तेव्हा मालक तुमच्याकडं कसा बघतो ते मी बघितलेलं आहे. हे कुठल्याही लेक्चरमध्ये इतकं पक्कं बसत नाही. पुढं टॅक्सच्या पेपरला 'पुरवठ्याचं ठिकाण' हा धडा आला की तुम्हाला शिनोळीचा टेम्पो आठवेल.

महिन्याचं चक्रही दुकानातच कळतं. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० पर्यंत ३बी (कर भरायचं रिटर्न). या दोन तारखांच्या आसपास दुकानात सुट्टी मागू नका. मी बीकॉम झाले तेव्हा व्हॅट होता. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सात वर्षांचं शिकलेलं एका रात्रीत जुनं झालं. जमा-नावे मात्र होतं तिथंच होतं, म्हणून नवीन कर शिकायला दोन महिने पुरले.

टॅली, सीए आणि बाकीचं

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या क्लासला पहिल्याच वर्षी पैसे घालू नका. आधी हातानं वही लिहा. मग टॅलीप्राइम उतरवून घ्या आणि एज्युकेशनल मोडमध्ये उघडा. लायसन्स लागत नाही. त्यात फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी करता येतात, शिकायला तेवढं बास. वरची रताळ्याची पट्टी १ तारखेला टाका. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. बोटांना या पाच किल्ल्या पाठ झाल्या की क्लासवाल्याचा निम्मा कोर्स तुमचा झाला. क्लास लावायचाच असेल तर तिसऱ्या वर्षी, आणि जीएसटी रिटर्नपर्यंत शिकवत असेल तरच.

सीए करायचं असेल तर पीयूसीनंतर फाउंडेशन देता येतं: चार पेपर, प्रत्येकात चाळीस टक्के आणि एकूण पन्नास. किंवा बीकॉमला पंचावन्न टक्के मिळवून फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला जाता येतं. मराठी शाळेतून आलेल्यांना मी दुसरा रस्ता सांगते. तीन वर्षांत इंग्लिश सुधारतं, घरावर एकदम भार पडत नाही, आणि मधे दुकान कळतं. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे, आणि बेळगावातल्या सीएंकडं करता येते. दुकानात बसलेल्या पोराला तिथं पहिल्या दिवसापासून किंमत असते, कारण ग्राहक पिशवी भरून बिलं आणून टाकतो आणि ती वेगळी कशी करायची हे त्याला सांगावं लागत नाही.

पीयूसीला अजून जायचं असलेल्यांसाठी एवढंच: एचईबीए, एसईबीए, सीईबीए असे गट असतात, म्हणजे इतिहास, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर, आणि सोबत अर्थशास्त्र, बिझनेस स्टडीज, अकौंटन्सी. सीएचा विचार असेल तर संख्याशास्त्राचा घ्या. भीतीनं इतिहास घेणारे पुढं क्वांटिटेटिव्हच्या (गणित-संख्याशास्त्राच्या) पेपरला घाम पुसतात. मी त्यातलीच.

भाचीचं अॅडमिशन झालं. सकाळच्या बसनं जाते, शनिवारी दुपारी माझ्याशेजारी दुकानात बसते. काल तिचा फोन आला, "आत्या, आज्जाच्या नव्या पट्टीत उतराई म्हणून तीस रुपये लावलेत, ते कुठं मांडू?" म्हटलं, हमाली-तोलाईत घाल. पण आधी आज्जाला विचार, हे तीस रुपये दरवर्षी लावतात का यंदाच लावलेत.